कौतुकाची खुर्ची

मला त्या खुर्चीवर बसवलं तेव्हाच मी ओळखलं, की आपलं काम गेलं.

साधी खुर्ची असती तर गोष्ट वेगळी. ही अण्णांच्या घरची, हातांवर मोर कोरलेली खुर्ची होती. ती टेम्पोत घालून कारखान्यात आणायची, तिच्यावर पांढरी चादर टाकायची आणि शेजारच्या टेबलावर स्टीलच्या ताटात शाल, नारळ, कुंकवाची वाटी मांडायची, अशी आमच्याकडची पद्धत. अण्णांच्या मसाल्याच्या कारखान्यात मी तरुणपणापासून होते, आणि त्या खुर्चीवर बसलेलं माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मागं टेकून बसा, गुरवबाई," निनादसाहेब हसत म्हणाले. "आज तुमचा दिवस आहे."

मी टेकले. जायचंच ठरलंय तर निदान नीट बसून जावं.

समोर पॅकिंगच्या सगळ्या बायका फरशीवर बसल्या होत्या. डोक्यावर कापडी टोप्या, कोपरापर्यंत हळदीचे हात. एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. पहिल्या रांगेतली रेहाना तांबोळी माझ्याकडे अशी बघत होती, जशी माणसं दवाखान्यात खाटेवरच्या पेशंटकडे बघतात. पाठीमागे ताडपत्रीखाली ते नवीन खोकं होतं. आठवड्यापूर्वीच आलेलं. आत पाकिटं आपोआप भरणारं मशीन आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यापायी कोण जाणार, एवढंच ठाऊक नव्हतं, आणि ते आता समोर खुर्चीत बसलं होतं.

साहेबांनी भाषण केलं. गुरवबाईंनी या कारखान्यासाठी आयुष्य वेचलं, म्हणाले. पॅकिंगचं टेबल लेकरासारखं सांभाळलं. त्यांच्या हातून गेलेलं पाकीट कधी परत आलं नाही. अशी माणसं हल्ली मिळत नाहीत. त्यांनी मला इतकं चांगलं म्हटलं, की माझे हातपाय गार पडले.

"या महिन्यापासून आपण एक नवी पद्धत सुरू करतोय," साहेब पुढे म्हणाले. "सुरुवात गुरवबाईंपासून. पण बाकीच्यांनी नाराज व्हायचं नाही हं. दर महिन्याला एक जण. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी कुणाचाही नंबर लागू शकतो."

रेहानाला रडू फुटलं. तिच्या मागची हिराबाई बाहीनं डोळे पुसायला लागली आणि हळदीच्या हातानं पुसल्यामुळे आणखी रडायला लागली. साहेब बोलायचे थांबले. त्यांनीही खिशातून रुमाल काढला. माझं कौतुक ऐकून बायका भारावल्या, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि ओटीत नारळ दिला. टाळ्या वाजल्या, पण एकीची झाल्यावर दुसरीची, अशा सुट्या सुट्या.

"आणि आता बक्षीस," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही कामावर यायचं नाही. पगाराची चिंता करू नका, तो मिळेल. घरी मस्त आराम करा. खूप केलंत तुम्ही."

मी उठले, त्यांना नमस्कार केला आणि टेबलावरची माझी कात्री पिशवीत टाकली. ती माझी स्वतःची होती.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं खुळ्यासारखं वाटेल.

आमचा कारखाना कऱ्हाडच्या अलीकडे. मालक अण्णा. सकाळी गेटातून आधी त्यांचा आवाज आत यायचा आणि मग माणूस. मिरचीच्या ढिगापाशी देठं खुडणाऱ्यांना एक, भट्टीपाशी कांदा परतणाऱ्याला एक, टेम्पोवाल्याला दोन, असं वाटत वाटत ते माझ्या टेबलाशी पोचायचे. एक पाकीट उचलायचे, हातात तोलायचे. "ए गुरवीण, पाकिटं भरत्यास का उशा? सगळा मसाला ह्याच्यातच घाल, म्हंजे गिऱ्हाईक वर्षभर परत यायला नको!" दुसरं उचलायचे. "आन ह्यात काय वारं भरलंयस?" मग ते ऑफिसात जायचे आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

नवीन बाई लागली की अण्णा तिला पहिले काही दिवस एक शब्द बोलायचे नाहीत. तेवढे दिवस तिच्या जिवात जीव नसायचा. पुढे कधीतरी तिला पहिली शिवी बसली, की ती कायम झाली असं आम्ही समजायचो. रेहानाला बसली त्या दिवशी तिच्या सासूनं घरी शिरा केला होता.

चांगलं बोलणं मात्र अण्णांच्या जिभेला जमायचंच नाही. त्यासाठी ते बाहेरून माणूस आणायचे. वॉचमन म्हातारा झाला म्हणून गेला, तेव्हा हायस्कूलचे हेडमास्तर येऊन त्याच्यावर बोलून गेले. मसाला दळायचं मोठं मशीन आलं तेव्हा कांडपावरची तीन माणसं कमी करावी लागली. पुन्हा हेडमास्तर आले, पुन्हा ती मोराची खुर्ची आली आणि तिघांना पाळीपाळीनं तिच्यावर बसवलं. तिघं किती गुणी आहेत ते आम्हाला त्या दिवशी कळलं. दगडू लोहार तर भाषण चालू असतानाच म्हणाला होता, "बास करा मास्तर, समजलं मला."

असा आमचा हिशोब होता. शिव्या खाणारं माणूस कामावर आहे आणि कौतुक झालेलं माणूस गेलं.

निनादसाहेब अण्णांचे थोरले जावई. पुण्यात मोठ्या कंपनीत माणसं कशी सांभाळायची याचंच काम करत. अण्णांना दोन्ही मुलीच. कुणीतरी कारखाना बघायला हवा म्हणून ते आले. अण्णा त्यांना "या जावईबापू, बसा जावईबापू" करायचे. एवढ्या आदरानं वागवलेला माणूस इथं टिकेल, असं आम्हाला काही वाटत नव्हतं.

मग अण्णांना हृदयाचा झटका आला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की कारखान्यात जायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. कारखाना साहेबांच्या हातात आला. ते सकाळी हळूच यायचे, टेबलापाशी थांबायचे, "छान," म्हणायचे, "शाब्बास," म्हणायचे आणि पुढे जायचे. महिनाभर आम्ही कुणाची शिवी ऐकली नाही. बायकांची झोप उडाली. कारखाना विकायला काढलाय असं कुणी म्हणू लागलं. त्यात ते खोकं आलं आणि त्यापाठोपाठ खुर्ची.

मी घरी पोचले तेव्हा हे शिलाई मशीनवर बसले होते. ह्यांची कंबर गेल्यापासून घरात बसून जमेल तेवढी शिलाई करायचे. घर चालायचं ते माझ्यावर, आणि आमची उज्ज्वला मिरजेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तीही माझ्यावरच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पायाखालचं मशीन थांबवलं.

"शाल?" ते म्हणाले.

"शाल."

"नारळ?"

"तोही."

"भाषण कुणी केलं?"

"जावईसाहेबांनी."

"चांगलं बोलले?"

"फार."

ह्यांनी सुईतला दोरा काढून ठेवला. "तुझी चूक काय झाली, ते काही सांगितलं?"

"एकही चूक काढली नाही."

"मग संपलंच," ते म्हणाले. दोरा रिळावर गुंडाळत त्यांनी विचारलं, "उज्ज्वलाला कळवायचं का?"

"नको. परीक्षा होऊ दे तिची."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत रडले. घासलेली पुन्हा घासली. पगार जाणार ही धास्ती होतीच, पण त्याहून जास्त ते टेबल डोळ्यांपुढून हलत नव्हतं. माझ्या उंचीला बेतून अण्णांनी त्याचे पाय कापून घेतले होते. कापताना सुताराला म्हणाले होते, "ह्या बुटकीच्या मापानं कर, न्हाईतर रोज पाट मागंल." आता तिथं दुसरं कुणी उभं राहणार, नाहीतर ते मशीन.

दुसऱ्या दिवशी सवयीनं डबा भरला. भरल्यावर लक्षात आलं. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा. दुपारचा झाला तेव्हा मी पायरीवर बसून तो डबा खाल्ला. शेजारची म्हणाली, "सुट्टी वाटतं?" मी म्हणाले, "आराम."

जाऊन विचारावं असं मनात यायचं. पण विचारायचं काय? मला खरंच काढलंत का, असं? दगडूनं विचारलं नव्हतं. वॉचमननं विचारलं नव्हतं. एवढ्या बायकांसमोर शाल पांघरून घेतलेली मी, आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहू? भूक परवडली, पण ते नको. हे मात्र नारळाकडे बघून एकदा म्हणाले, "चटणी तरी कर त्याची." मी त्यांच्याकडे पाहिलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

असे काही दिवस गेल्यावर संध्याकाळी रेहाना आली. कामावरून थेट आली होती. तिच्यामागं घरात मसाल्याचा वास शिरला. तिनं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मुद्द्यावर आली.

"बाई, एक विचारू? राग मानू नका. तुमचं नाव कशामुळं आलं?"

"काम चांगलं केलं म्हणून. साहेब बोलले नव्हते का?"

"तेच म्हणत होते मी सगळ्यांना." तिनं सुस्कारा सोडला. "मग आम्ही करतोय ते बरोबर हाय."

"काय करताय?"

"वाईट काम."

मी पाट ओढून तिच्यापुढं बसले.

"पुढच्या महिन्यात नंबर लागाया नको म्हणून," ती म्हणाली. "सगळ्यात वाईट कोण, अशी चढाओढच लागलीया. मी लेबलं उलटी लावते. शांता मुद्दाम हळू भरते. हिराबाईनं तर परवा हळदीच्या पाकिटात मिरची भरली. पेटीभर."

"अगं बाई! मग साहेब?"

"साहेबांनी तिचं कौतुक केलं. म्हणाले, चुकतो तोच शिकतो, घाबरू नका हिराबाई."

"मग?"

"मग काय, घरी जाऊन रडली. म्हणं, आता कसं करू, मिरचीपरीस वाईट काय भरू?" रेहानानं पदर सारखा केला. "आन आज सकाळी साहेबांनी नवीन सांगितलं. म्हणाले, तुमचा उत्साह कमी दिसतोय, म्हणून आता महिन्याला एकीच्या जागी दोघींना."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"विचारत होते, गुरवबाई खूश हायत का म्हणून. मी हो म्हनलं. उगा कशाला तुमची लाज काढू? तर म्हणाले, आणखी चार दिवस विश्रांती घेऊ दे, त्यांना डिस्टर्ब करू नका."

रेहाना गेल्यावर मी तिचा कप विसळला. मी गेले ते गेले. पण हळदीच्या पाकिटात मिरची? त्या पाकिटावर माझ्या टेबलाचा शिक्का होता. कुणाच्या तरी लेकराच्या दुधात ती जाणार. मला असा काही राग आला, की अपमान, लाज, सगळं त्याच्याखाली दबून गेलं. सकाळी उठले, शालीची घडी घातली, नारळ तिच्यात गुंडाळला आणि अण्णांच्या घरी गेले.

दार माईंनी उघडलं. अण्णांच्या पत्नी. मला बघून त्यांना बरं वाटलं, पण तोंडावर बोट ठेवून कुजबुजल्या, "इंदू, त्यांना राग येईल असं काही बोलू नकोस हं. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. महिन्याभरात आवाज म्हणून चढवू दिला नाही मी."

अण्णा सोप्यात आरामखुर्चीत होते. पांढरा सदरा, अर्धे झालेले. मला बघून त्यांनी मान हलवली आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"या गुरवबाई. बसा."

या, गुरवबाई, बसा. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. वाटेत थोडीशी आशा होती, की अण्णांना हे ठाऊक नसेल. पण हा आदर तर जावयाला द्यायचा तसा होता. म्हणजे ठरलं होतं ते अण्णांच्या संमतीनंच.

मी बसले नाही. गाठोडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"अण्णा, हे परत घ्या. मला काढलंत त्याचं काही म्हणणं नाही. कारखाना तुमचा आहे. पण त्या पोरींना तरी सांभाळा. तुमच्या हळदीत मिरची जायला लागलीय."

"काय काढलंय?" अण्णा म्हणाले. आवाज अजून हलकाच होता.

"मला. कामावरून."

"कुणी?"

"तुम्हीच. म्हणजे साहेबांनी. खुर्चीवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. भाषण केलं. आता आराम करा म्हणाले."

अण्णांनी गाठोड्याची घडी उलगडली. नारळ गडगडत माईंच्या पायाशी गेला. अण्णांनी शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांची मान हळूहळू लाल व्हायला लागली. माई पुढं झाल्या. "अहो, हळू... डॉक्टर..."

"खड्ड्यात गेला डाक्टर!" अण्णा उठून उभे राहिले. "आन तू गं, ए भवाने! कोन तरी फडकं अंगावर टाकतंय आन तू गप घरी जाऊन बसत्यास? तोंडात काय मिठाची गुळणी धरली हुतीस? एवढी वर्सं माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्यास, तवा बरं तोंड चालत हुतं! हळदीत मिरची जातीया आन ही म्हाराणी घरात आराम करतीया! चालती हो कामावर! आदी चालती हो!"

मला रडू आवरेना. मी भिंतीला धरून हुंदके देत होते आणि अण्णा बोलतच होते. मी बुटकी होते, बहिरी होते, माझ्या अकलेला उंदरांनी कुरतडलं होतं. एकेक शब्द कानावर पडत होता आणि छातीवरचा धोंडा उतरत होता. काम होतं. माझं काम होतं. माई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. कुणाला आधी पाणी द्यावं ते त्यांना कळेना.

आवाज ऐकून आतून निनादसाहेब धावत आले. हातात चहाचा कप तसाच होता.

"अण्णा, शांत व्हा, प्लीज. काय झालं? गुरवबाई का रडताहेत?"

"तुमी हिला काढली?"

"काढली? छे! सन्मान केला, इथल्या पद्धतीनंच. त्या आपल्या सगळ्यात चांगल्या कर्मचारी आहेत. एका दिवसाची सुट्टी बक्षीस दिली. त्या आल्या नाहीत, तेव्हा म्हटलं, घेऊ दे आणखी विश्रांती." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला आवडलं नाही का?"

"साहेब," मी डोळे पुसत म्हणाले, "त्या खुर्चीवर बसलेलं माणूस आजपर्यंत परत आलेलं नाही."

खुर्ची, शाल, मागचं खोकं, रेहानाचं रडणं, हिराबाईची मिरची, हे सगळं एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून गेलेलं मी पाहिलं. त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"म्हणजे मी त्यांना म्हटलं, पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी..."

"हो."

"आणि काल म्हटलं, एकीऐवजी दोघी."

"हो."

"अक्कल काय पुण्याला ठेवून आलाय काय जावईबापू?" अण्णांनी आता तोंड तिकडे वळवलं. "धडधाकट मानसाला कुनी खुर्चीवर बसवतं व्हय? माझी पॅकिंगची बाई घरी बसवली, कारखान्याचं वाटोळं चालवलंय, आन वर विचारताय, आवडलं न्हाई का! येवडं शिकून ह्योच उजेड पाडलासा?"

साहेबांचा चेहरा पडला. लग्न झाल्यापासून सासरे त्यांना असं कधी बोलले नव्हते. मला मात्र मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता हा माणूस टिकणार.

अण्णांनी शाल माईंच्या अंगावर फेकली. "ठेव ही घरात. परत कुनाच्या खांद्यावर दिसली तर बघा!" आणि ते खाली बसले. माईंनी घाईघाईनं नाडी बघितली. अण्णांचं तोंड महिन्याभरात पहिल्यांदा टवटवीत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी भोंग्याच्या आधीच टेबलापाशी होते. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. "तुम्हाला बोलवून घेतलंय तात्पुरतं," शांता म्हणाली. तेवढ्यात साहेब आले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती. मिरचीच्या एका पोत्यावर हात टेकून ते उभे राहिले.

"हळदीच्या पाकिटात मिरची कुणी भरली?"

हिराबाई उभी राहिली.

"हिराबाई, तुम्हाला..." साहेबांनी घसा साफ केला. "तुम्हाला थोडी... लाज वाटायला हवी होती."

बायका पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या.

"जरा जोरात, साहेब," रेहाना हळूच म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले. "लाज नाही वाटत? पेटीभर माल वाया घालवला! पुन्हा असं केलंत तर घरी पाठवीन!"

हिराबाईचं तोंड उजळलं. "न्हाई करनार, साहेब," ती म्हणाली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत खाली बसली. सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. शांतानं पाकीट ओढलं आणि हात भराभर चालायला लागले. लेबलं सरळ झाली. मशीनसुद्धा त्याच आठवड्यात खोक्यातून बाहेर काढलं, आणि ते चालवायला रेहानालाच उभं केलं. कुणाला कमी करायचं साहेबांच्या मनात आधीही नव्हतं, पण ते आता सांगून आम्हाला पटलं.

संध्याकाळी त्यांनी हिराबाईला केबिनमध्ये बोलावून माफी मागितली आणि ती पुन्हा घाबरली. मला मग आत जावं लागलं. "साहेब," मी म्हणाले, "एकदा रागावलात ना? मग ते तसंच राहू द्या."

हळूहळू त्यांना जमलं. शिवी त्यांच्या तोंडात कधी बसली नाही. पण पाकीट हातात घेऊन, काय चुकलं ते तोंडावर सांगायला शिकले, आणि जाताना म्हणायचे, "बाकी ठीक." तेवढ्यावर आमचा दिवस जायचा. मोराची खुर्ची परत कारखान्यात आली नाही. ज्यांना खरंच जायचं होतं, त्यांना साहेब घरी जेवायला बोलवायचे.

अण्णा पुढं बरीच वर्षं होते. डॉक्टरांचं त्यांनी काही ऐकलं नाही. आठवड्यातून एकदा गाडीनं कारखान्यात यायचे आणि सगळ्यांना पोटभर बोलून जायचे. उज्ज्वला नर्स झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "आईगत घरी बसू नगं म्हणावं तिला कुनी शाल दिली तर."

मग एका सकाळी माझ्यासाठी गाडी आली. अण्णांनी बोलावलंय, ड्रायव्हर म्हणाला.

खोलीत त्यांचा पलंग खिडकीपाशी लावला होता. पायांवर तीच शाल होती. माईंनी ती इतकी वर्षं घरात वापरली होती. कडा विरल्या होत्या. मला बघून अण्णांनी हात हलवला.

"बस, इंदूबाई."

"मला बस म्हणू नका, अण्णा."

ते थोडं हसले. बोलायला वेळ लागत होता. "लई केलंस तू. तू हुतीस म्हनून मी रात्री निवांत झोपायचो. हे कधी बोललो न्हाई."

मी पलंगाजवळ सरकले.

"अण्णा, कालच माझ्या टेबलावरची दोन खोकी परत आली. सील सुटलेली. सगळा मसाला सांडला."

ते खरं नव्हतं. एकही खोकं परत आलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, आता मान लाल होईल. आता भवाने म्हणतील. निदान बुटके तरी म्हणतील.

अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हुतं," ते म्हणाले. "हुतं एखाद्या वेळी. चांगलीच हाईस तू."

मी तो हात तसाच धरून बसले. त्यांचा डोळा लागल्यावर उठले. बाहेर सोप्यात निनादसाहेब उभे होते. तेही आता पिकले होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"चांगलं बोलले," मी म्हणाले. "खोकी परत आली म्हणून सांगितलं, तरी चांगलंच बोलले."

पुण्याहून आले तेव्हा त्यांना यातलं काही कळलं नसतं. ते आरामखुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभे राहिले, मग फोनापाशी गेले आणि नागपूरच्या मेहुणीचा, अण्णांच्या धाकटीचा, नंबर फिरवला.

"आजच निघा," ते म्हणाले.